कालव्यापलीकडची दोनशे चौदा माणसं

३ मार्च
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत वहीत लिहावं असं काही घडलं नाही. आज घडलं. तालुका मंडळाचे अध्यक्ष सकाळी घरी आले आणि मला शिरगणतीचा प्रमुख नेमल्याचं पत्र माझ्या हातात देऊन चहा प्यायला बसले. अध्यक्ष म्हणजे हिचा थोरला भाऊ, माझा मेहुणा. पण वशिल्याची नेमणूक असं कुणी म्हणू शकणार नाही. चौतीस वर्षं मी या तालुक्याचं टपाल सांभाळलं, त्यातली एकोणीस पोस्टमास्तर म्हणून. कुणाच्या घरी कोण राहतं, हे माझ्याइतकं त्या घरालाही माहीत नसेल.

काम गंभीर आहे. सरकारचा नवा नियम असा, की वीस हजारांहून कमी वस्ती असलेला तालुका शेजारच्या तालुक्यात विलीन करायचा. दहा वर्षांपूर्वी आपण एकवीस हजार तीनशे होतो. त्यानंतर पोरं शहरात गेली, म्हातारे वर गेले. विलीन झालो तर मंडळ जाईल, दप्तरखाना जाईल, सोळा खाटांचं रुग्णालय आणि बियाण्यांचं कार्यालय जाईल. साध्या सातबाऱ्याच्या नकलेला पंचेचाळीस किलोमीटर जावं लागेल.

"दाजी, वीस हजार व्हायलाच हवेत," अध्यक्ष म्हणाले.

"जेवढे असतील तेवढे होतील," मी म्हटलं. ही स्वयंपाकघरात हसली असं वाटलं.

५ मार्च
बारा शिक्षक मदतीला मिळाले. आज त्यांना शाळेच्या वर्गात बसवून तक्ता समजावला. रकाने नऊ. रकाना चार: सलग सहा महिने इथे राहतो का. रकाना सात: घरातल्या खोल्या. एक गुरुजी म्हणाले, खोल्या कशाला मोजायच्या, माणसं मोजायची आहेत ना. मी म्हटलं, छापलेला रकाना रिकामा ठेवायचा नाही, ही पोस्टाची शिस्त.

नमुना म्हणून आधी माझंच घर भरलं. माणसं तीन, खोल्या चार. घरी आल्यावर हिने तक्ता पाहिला.

"तिसरं कोण?"

"मुलगा."

"तो सहा वर्षं झाली गेला. जेवायला नसतो तो मोजायला कसा असेल?"

मी म्हटलं, त्याची खोली आहे, कपाट आहे, सायकल आहे. तिने खोडरबर आणून टेबलावर ठेवलं. शाई खोडरबराने जात नाही. मी रेघ मारून शेजारी सही केली. माणसं दोन.

१० मार्च
गावठाणाचे पहिले चार वॉर्ड झाले. गल्ल्या पायाखालच्या आहेत. कुठल्या दाराला कडी वाजवायची आणि कुठल्या दाराशी नुसतं खाकरायचं, हेही मला ठाऊक आहे. शिक्षक थकतात, मी थकत नाही.

हिचा गोतावळा मात्र मोठा. निवृत्तीनंतरही घरी महिन्याला आठ-दहा पत्रं येतात, कधी पार्सल. मावसबहिणी, त्यांच्या नणंदा, कोण कोण. नोकरीत असताना मीच ती घरी आणून द्यायचो. नवीन पोस्टमन परवा म्हणाला, एवढं टपाल तर मंडळाच्या कार्यालयालाही येत नाही. मला बरं वाटलं. माझ्या बायकोचं अक्षर सुंदर आहे, लोकांना तिला लिहावंसं वाटतं.

तिचा गुडघा तसाच आहे. दर मंगळवारी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कालव्याच्या कडेने फिरून येते, दोन तास. चप्पल चिखलाने भरलेली असते. उतार म्हणून नाही.

१५ मार्च
अध्यक्षांना अहवालाच्या सुरुवातीला तालुक्याचा थोडा इतिहास हवा आहे, म्हणून दप्तरखान्यात गेलो. तिथे एकच कारकून, एक बाई, वय पंचेचाळीस. सगळे त्यांना दप्तरबाई म्हणतात. त्यांनी एकशे चार वर्षांपूर्वीची पहिली शिरगणती काढून दिली. कापडी बांधणी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. तेव्हाही अट होती, पाच हजार माणसं असली तरच स्वतंत्र तालुका. पहिल्या मोजणीदाराने पाच हजार सहा भरवली होती.

मी पानं चाळत होतो. अक्षर मोत्यासारखं. एका शेतकऱ्याच्या घरात नवरा, बायको, तीन मुली आणि खाली: ढवळ्या, पुरुष, वय चार, व्यवसाय शेती. पवळ्या, पुरुष, वय चार, व्यवसाय शेती.

पुढच्या घरातही तसंच. त्याच्या पुढच्याही.

"चार वर्षांची मुलं शेती करायची?" मी विचारलं.

दप्तरबाईंनी चष्मा काढून पुसला. "मास्तर, ते बैल आहेत. एकूण सेहेचाळीस. मी मोजलेत. एका घरात तर 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात 'नाही आणि होणार नाही' असं लिहिलंय."

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग माझ्या लक्षात आलं की ज्या तालुक्याच्या टपालावर मी जन्मभर शिक्का मारला, तो सेहेचाळीस बैलांच्या जोरावर उभा आहे. दप्तरबाईंना विचारलं, ही गोष्ट अजून कुणाला माहीत आहे. म्हणाल्या, अध्यक्षांना. त्यांनी गेल्याच आठवड्यात हे दप्तर मागवून घेतलं होतं.

१६ मार्च
अध्यक्षांनी दप्तर का मागवलं ते आज कळलं. कार्यालयात बसवून दार लावून घेतलं.

"शहरात गेलेली पोरं आपलीच आहेत, दाजी. माझे दोघे घ्या. त्यांच्या खोल्या तशाच आहेत, गाद्यांवर चादरी घातलेल्या. अशी दीड-दोनशे निघतील. आपल्या पूर्वजांनी बैल घातले, आपण निदान माणसं घालतोय."

मी रकाना चार वाचून दाखवला. ते म्हणाले, तुम्ही फार नियमाचे आहात. मी ते कौतुक समजलो. बहुधा तसं नव्हतं.

२४ मार्च
सगळे वॉर्ड, सगळ्या वाड्या झाल्या. बेरीज तीनदा केली. एकोणीस हजार आठशे बासष्ट. एकशे अडतीस कमी. बारा शिक्षकांपैकी कुणाची चूक नाही, मी प्रत्येकाचं दहावं घर स्वतः पुन्हा तपासलं आहे.

जेवताना हिला सांगितलं. ती म्हणाली, "कालव्यापलीकडे कोण गेलं होतं?"

"पलीकडे कोण राहतं? बटाट्याच्या शेड आहेत."

ती ताटातलं संपवत राहिली. मग म्हणाली, "तक्त्यात शेडसाठी रकाना नसेल. पण जाऊन तर या. पोस्टाची शिस्त."

माझंच वाक्य मला परत मिळालं. उद्या जातो. एक माणूस चुकायला नको.

२५ मार्च
एकच माणूस चुकलेला नाही. किती चुकली आहेत ते अजून मोजून व्हायचं आहे.

कालव्याच्या लाकडी पुलावरून पलीकडे गेलो. लांबच लांब चार पत्र्याच्या शेड. कागदावर त्या बटाटे साठवायच्या आहेत, आणि दोन शेडमध्ये बटाटे आहेतही. उरलेल्या दोनमध्ये पोत्यांचे पडदे लावून खोल्या पाडलेल्या. प्रत्येक पडद्याला खडूने नंबर. आत चुली, दोऱ्या, दोरीवर शाळेचा गणवेश वाळत घातलेला. कुठल्या शाळेचा म्हणून विचारलं, तर आपल्याच. पाच किलोमीटर चालत जातात.

एक उंच बाई पुढे आली. बटाटे निवडणाऱ्या टोळीची मुकादम. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "माहीत आहे. तुम्ही बाईंचे मिस्टर."

"मी पोस्टमास्तर," मी म्हटलं.

"हो, तेच. बाईंचे मिस्टर."

काहीतरी गैरसमज असावा. कुठल्या बाई, हे विचारणार होतो, पण पोरांनी गराडा घातला आणि मोजणीच्या तक्त्यांना मातीचे हात लागायला लागले. पहिली शेड निम्मी झाली. माणसं आत येऊन नाव सांगतात तेव्हा उभी राहतात. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

किती वर्षं राहता, असं मुकादमबाईंना विचारलं. नऊ. नऊ वर्षं. आणि मला माहीत नव्हतं.

२७ मार्च
हे नीट लिहून ठेवायला हवं.

आज पहिली शेड पूर्ण करायला घेतली. मुकादमबाईंच्या पडद्याआड बसून तक्ता भरत होतो. फळीवर पत्रांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. चौतीस वर्षांची सवय, माझी नजर पत्त्यावर गेलीच. वरच्या पाकिटावर मुकादमबाईंचं नाव, त्याखाली 'द्वारा', त्याखाली माझ्या बायकोचं नाव आणि माझ्या घराचा पत्ता.

गठ्ठा सोडून पाहिला. सगळ्यांवर माझा पत्ता. कित्येकांवर माझ्याच हातचा शिक्का. मी स्वतः ही पत्रं घरी नेऊन दिली होती, मावसबहिणींची म्हणून. घरचा पत्ता दिसला की 'द्वारा'च्या वरचं नाव मी कधी वाचलंच नव्हतं.

"बाई मंगळवारी आणून देतात," मुकादमबाई म्हणाली. "ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवतात. उत्तरही लिहितात. अक्षर फार छान त्यांचं."

मी विचारलं, शेडच्या पत्त्यावर का नाही मागवत.

तिने पदराला हात पुसले. मग पेटीतून वेगळं ठेवलेलं एक पाकीट काढलं. त्यावर 'बटाट्याच्या शेड, कालव्यापलीकडे' असा पत्ता, त्यावर आडवा शिक्का: पत्ता अपुरा, परत. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. पाकीट तिच्या गावाला परत गेलं आणि पुढे कुणीतरी येताना हातोहात आणून दिलं.

"आई आजारी आहे, लवकर ये, असं आहे त्यात. मला मिळालं तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते."

शिक्का माझा. सहीची आद्याक्षरं माझी. घर क्रमांक नसलेल्या ठिकाणी टपाल द्यायचं नाही असा नियम आहे. तो मी तिला सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलो. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "पुढचं नाव लिहा, साहेब. माझ्या मुली दोन."

लिहिलं.

२८ मार्च
हिला विचारलं, नऊ वर्षं मला का सांगितलं नाहीस.

"सांगितलं असतं तर तुम्ही नियम काढला असता."

"नियम होताच."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी म्हटलं, माझ्या टपालात माझ्याच घरात एवढं चाललं आणि मला पत्ता नाही, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोकांना त्या शेड दिसल्या नाहीत, तुम्ही काय दिसणार. मग चहा ठेवायला उठली. गुडघा धरून उठली. तो गुडघा मंगळवारच्या चालण्यामुळेच दुखतो, हे मला आज कळलं. किती वर्षांनी.

पाकीट डोळ्यांसमोरून जात नाही.

४ एप्रिल
पलीकडची मोजणी पूर्ण. तीन दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन पुन्हा तपासली. पहाटे कामावर जाणारे, संध्याकाळी परतणारे, सगळे धरले. सहा महिन्यांहून जास्त राहणारी माणसं दोनशे चौदा. एक आजोबा बावन्न वर्षं वेगवेगळ्या तालुक्यांत बटाटे उकरत फिरले, शेवटची सात वर्षं इथे. कुठल्याही शिरगणतीत नाव आलेलं आठवत नाही म्हणाले. जन्मतारीख विचारली तर म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ती घाला, मला चालेल." मी आजची घातली नाही, पण मोह झाला.

एकूण वीस हजार शहात्तर.

काम चोख झालं आहे. मान ताठ ठेवून मंडळापुढे जाईन.

७ एप्रिल
अध्यक्षांना बेरीज दाखवली. आधी आनंद झाला. मग त्यांनी पान उलटलं.

"हे पलीकडचे कुठून आले?"

"नऊ वर्षांपासून आहेत."

"दाजी, ती येणारी-जाणारी माणसं आहेत. त्यांना घातलं तर नवा वॉर्ड होईल, त्यांचा सभासद होईल, नळ मागतील, रस्ता मागतील. आणि त्या शेड गोदाम म्हणून नोंदवल्या आहेत. तिथे माणसं राहतात असं आपणच लिहून दिलं तर बटाटेवाल्यांना नोटीस जाईल."

बटाटेवाले म्हणजे मंडळातले सर्वांत जुने सभासद. दोन्ही शेड त्यांच्या. मंडळाचं निम्मं राजकारण त्यांच्या ओट्यावर चालतं.

"त्यापेक्षा आपली शहरातली दीडशे घाला. तेवढ्यात भागतं."

मी म्हटलं, जी आहेत ती काढायची आणि जी नाहीत ती घालायची, अशा कागदावर मी सही करणार नाही. माझ्या सहीशिवाय मोजणी ग्राह्य नाही. ते लाल झाले. मी माझे तक्ते पिशवीत घालून चालत घरी आलो. वाटभर पिशवी घट्ट धरली होती.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "दादाशी मी बोलते."

१२ एप्रिल
ही भावाला पलीकडे घेऊन गेली. मला येऊ नका म्हणाली. दोघं साडेतीनला गेली, सहाला आली. अध्यक्षांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. घरात न येता ते तसेच गाडीत बसून गेले.

"काय झालं?"

"काही नाही. तो आजोबा भेटला, बावन्न वर्षांवाला. गेल्या सुगीत दादाच्या शेतावरचे बटाटे त्यानेच काढले होते. तो म्हणाला, मालक, तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे. दादाला तो आठवला नाही."

"मग?"

"मग दादा बराच वेळ त्याच्याजवळ बसला. लहानपणी चूक झाली की असाच बसायचा, आईच्या समोर."

मी अजून विचारणार होतो, पण तिने विषय बदलला.

१८ एप्रिल
आज मंडळाची सभा. नऊ सभासद, लांब टेबल, वर मंद फिरणारा पंखा. मी तक्ते ठेवले आणि आकडे वाचले. बटाटेवाले उभे राहिले.

"पोस्टमास्तर निवृत्त झाले, त्यांना वेळ भरपूर आहे. उद्या कालव्यातले बेडूकही मोजून आणतील."

काही जण हसले. मी म्हटलं, बेडूक नाही, पण पहिल्या शिरगणतीत बैल मोजले होते, आणि त्याचा आपल्याला एकशे चार वर्षं अभिमान आहे. दप्तरबाईंनी जुनं दप्तर उघडून टेबलावर ठेवलं. 'वैवाहिक स्थिती'चा रकाना वाचल्यावर तर बटाटेवालेही हसले. त्यांचे आजोबा त्या घरचे होते, हे नंतर कळलं.

मी सांगितलं, "तेव्हाच्या मोजणीदाराकडे माणसं कमी होती, म्हणून त्याने बैल लिहिले. माझ्याकडे माणसं आहेत. हे तक्ते, प्रत्येकावर अंगठा किंवा सही. कुणाला शंका असेल त्याने माझ्याबरोबर यावं, मी पडद्यापडद्याने दाखवतो."

मतदान झालं. चार बाजूने, चार विरुद्ध. अध्यक्षांचं मत शेवटी. ते माझ्याकडे पाहत नव्हते, समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होते.

"मोजणी जशी आहे तशी पाठवा," म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे गेले.

२९ एप्रिल
बटाटेवाल्यांनी आज सकाळी सहा वाजता पहिली शेड रिकामी करायला लावली. परवापासून साठवण आहे, जागा हवी, असं कारण. मोजणी पडताळायला सरकारचा तपासनीस सहा मेला येणार आहे, हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. शेडमध्ये शहाण्णव माणसं. एक ट्रक भरून पंचवीस जण शेजारच्या तालुक्यात कामाला गेलेही. उरलेली एकाहत्तर पुलावर सामानासकट बसलेली. मुकादमबाई उभी राहून सामान मोजत होती.

शहाण्णव गेली तर एकोणीस हजार नऊशे ऐंशी. वीस कमी.

मी पुलावर दहा मिनिटं नुसता उभा होतो. काय करावं सुचेना, हे प्रामाणिकपणे लिहितो. मग माझ्याबरोबर पुलावर आलेली ही म्हणाली, "नियम काय आहे तुमचा? शेडमध्ये राहतो, की तालुक्यात राहतो?"

तालुक्यात. सलग सहा महिने तालुक्यात. शेडचा कुठे उल्लेख नाही.

आणि माझ्याकडे रकाना सात होता. बारा शिक्षकांना निरोप धाडला, प्रत्येकाने आपापले तक्ते घेऊन शाळेत या. वर्गात बसून आम्ही दोन तासांत यादी काढली, जिथे माणसांहून खोल्या जास्त आहेत अशी घरं. तीनशे बारा निघाली. पोरांच्या खोल्या, सगळ्या तशाच ठेवलेल्या, गाद्यांवर चादरी. नकाशावर टाचण्या लावल्या. शिक्षक सायकलींवरून निघाले.

पहिल्या आठ घरांनी नाही म्हटलं. एका बाईंनी माझ्या तोंडावर दार लावलं, ज्यांच्या मुलाचं नोकरीचं पत्र मी एकदा मुसळधार पावसात नेऊन दिलं होतं. नवव्या घराने एक खोली दिली. मग शेजारच्यांनी दोन दिल्या, शेजारणीने दिली म्हणून.

दुपारी तीनला अध्यक्षांची गाडी पुलावर आली. ते उतरले, त्या आजोबांजवळ गेले, त्यांची वळकटी स्वतः उचलली. "वर दोन खोल्या आहेत," म्हणाले. "पोरांच्या. जिना थोडा उभा आहे, सांभाळून." अकरा माणसं घेऊन गेले. वहिनींना सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. वहिनी फार कडक आहेत.

संध्याकाळी सहापर्यंत एकाहत्तरही माणसं छपराखाली होती. वीस हजार एक्कावन्न.

आमच्याकडे मुकादमबाई आणि तिच्या दोघी मुली आल्या. मुलाच्या खोलीत. धाकटीने त्याची सायकल चालवू का विचारलं. मी म्हटलं, हवा भरावी लागेल.

१ मे
मुलाचा फोन. खोलीचं कळलं त्याला. म्हणाला, बाबा, निदान विचारायचं तरी. मी म्हटलं, विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास. तो म्हणाला, कपाटातली माझी पुस्तकं वाचू द्या त्यांना, फक्त पानं दुमडू नका म्हणावं.

फोन ठेवल्यावर ही विचारत राहिली, अजून काय म्हणाला, अजून काय म्हणाला.

६ मे
तपासनीस आले. तरुण माणूस, कपाळावर आठ्या. त्यांनी यादीतली चाळीस नावं निवडली आणि घरं दाखवा म्हणाले. त्यात बारा पलीकडची. अध्यक्षांच्या घरी आजोबा अंगणात लसणीच्या पाकळ्या सोलत बसले होते, शेजारी वहिनी. वहिनींनी तपासनिसाला सुनावलं, चपला बाहेर काढा, आत्ताच पुसलंय.

बटाटेवाले वाटेत भेटले. दुसऱ्या शेडच्या छपराची डागडुजी करत होते. मी थांबून म्हटलं, छप्पर चांगलं करताय. म्हणाले, आता लिहूनच घेतलंत तर पाऊस आत यायला नको. माझ्याकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले.

तपासनिसांनी जाताना कागदावर सही केली. मोजणी मान्य.

सही पाहून मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला, पूर्ण झाला. घरी येऊन जेवलो आणि दुपारी दोन तास झोपलो.

९ मे
मुकादमबाईंना म्हटलं, त्या पाकिटाबद्दल मला काही बोलायचं आहे. ती भांडी विसळत होती. म्हणाली, बोला. मी बोललो. जमेल तसं. नियमाचा शब्द काढला नाही. ती ऐकत होती, पाणी चालू होतं. शेवटी म्हणाली, "माझी आई रागीट होती, साहेब. तिने तुम्हाला माफ केलं नसतं." मग नळ बंद केला. "मला थोडा वेळ लागेल."

मी म्हटलं, घ्या.

२१ जून
नव्या वॉर्डाची पहिली सभा, दुसऱ्या शेडच्या सावलीत. वॉर्ड अकरा. निवडणूक हिवाळ्यात आहे, तोवर तात्पुरती समिती; पहिल्या शेडमधून गावात आलेली माणसंही याच वॉर्डात धरलेली. मी शिरगणती प्रमुख म्हणून बोलावलेला. मी ठराव मांडला: वॉर्ड अकरामध्ये पुलाच्या तोंडाशी लाल टपालपेटी बसवावी आणि प्रत्येक दाराला क्रमांक द्यावा. आठवडाभर तयारी केली होती. पेटीचा आकार, उंची, उघडण्याच्या वेळा, सगळं लिहून आणलं होतं. वाटलं, टाळ्या पडतील.

मुकादमबाई उभी राहिली. "माझा विरोध आहे."

मी चाट पडलो.

"पेटी नंतर. आधी नळ. बायका कालव्याचं पाणी भरतात. पोरं आजारी पडतात. मास्तरांनी पेटीला जी जागा काढली आहे तिथूनच पाइप येतो, मी विचारून आले. त्या जागी नळ पाहिजे."

हात वर करायला सांगितले, आम्हा पाहुण्यांनाही. टपालपेटीला मतं सात. नळाला त्रेसष्ट. सातांत एक मी, एक अध्यक्ष, ते बहुधा दयेपोटी. हिने नळाला हात वर केला. मी पाहिलं. तिनेही मला पाहताना पाहिलं.

मुकादमबाईंना ठरावाची भाषा येत नाही. सभा संपल्यावर ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, लिहून द्या. मी तिथेच बटाट्याच्या पेटीवर बसलो आणि लिहिलं: वॉर्ड अकराच्या रहिवाशांची मागणी की. 'रहिवाशांची' हा शब्द लिहिताना क्षणभर थांबलो, मग पुढे लिहीत गेलो. नळाचं ठिकाण, पाइपाची लांबी, किती घरांना पाणी. खाली सूचक म्हणून तिचं नाव घातलं. तिने वाचून घेतलं, पाइपाची लांबी दोन मीटरने चुकली होती ती दुरुस्त केली, आणि सही केली.